गुरूच्या शोधात सांखवाळहून निघालेला माणूस

आपल्या हिल्सबरोत दिवाळी येते ती वसंतात. मनुकाऊ बंदरावर संध्याकाळचं ऊन रेंगाळत असतं आणि पणत्या लावायला अंधाराची वाट बघावी लागते. अशा वेळी फराळाच्या ताटाभोवती हल्ली ध्यानाचा विषय हमखास निघतो. कोणी पुस्तक वाचून सुरुवात केलेली असते, कोणी फोनवरचा आवाज ऐकून. चार दिवस बरे जातात, मग शंका येते की गुरूशिवाय हे जमेल का? गोव्यातल्या एका तरुणाने याच शंकेपायी घर सोडलं होतं. त्याचं नाव धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गाव सांखवाळ. शाळा बेताचीच झाली. १८९७ साली ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी ध्यासच घेतला. पण हा मार्ग शिकवणार कोण? आजूबाजूला कोणीच नव्हतं. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. बाळाबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, हा विचार ही गोष्ट सांगताना सोडून चालणार नाही.

पुणे झालं, ग्वाल्हेर झालं. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. मोठ्या आशेने नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. शेवटी बुद्धगयेला कळलं की शिकायचं तर सिंहलद्वीपालाच गेलं पाहिजे. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे त्यांना पाली शिकायला मिळालं. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

तिथून परतल्यावर भिक्षूचं चीवर सोडून ते शिक्षक झाले. कलकत्त्यात आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवलं. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना ५० रुपयांचं साहाय्य दिलं. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी. पाचव्या शतकात बुद्धघोषाने अनुराधपुरात लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे ध्यानाची सविस्तर वाटाडी पोथीच. या कामासाठी ते पुन्हापुन्हा तिकडे गेले. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली निघाली. हार्वर्डची मात्र १९५० साली, ते गेल्यावर तीन वर्षांनी.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं पुस्तक वेगळंच. १९२५ साली त्यांनी मराठीत ‘समाधिमार्ग’ लिहिलं. ज्यासाठी स्वतःला समुद्र ओलांडावा लागला, ते त्यांनी आपल्या माणसांच्या हाती साध्या मराठीत ठेवलं.

आता ‘विसुद्धिमग्गा’त नवशिक्याला काय सांगितलंय ते बघा. ध्यानाचे विषय चाळीस, पण सगळे सगळ्यांसाठी नाहीत. माणसाच्या स्वभावाप्रमाणे विषय निवडायचा. ज्याचं मन सारखं विचारांत भरकटतं, त्याने श्वासावर लक्ष ठेवावं. श्वास मोजावेत, पण पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. रागीट माणसाला मैत्रीची भावना. तीही आधी स्वतःविषयी, मग आदराच्या माणसाविषयी. शत्रूपासून सुरुवात करायचीच नाही. हे घरी बसून कोणालाही सुरू करता येतं.

पण हाच ग्रंथ विषय निवडण्याआधी कल्याणमित्र गाठायला सांगतो. मला वाटतं, इथेच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. सुरुवातीला चमत्कार करणारा गुरू लागत नाही. आपला स्वभाव ओळखणारा, चुकलं तर तोंडावर सांगणारा माणूस लागतो. एकट्याने डोळे मिटून बसलं की आपण शांत झालो असं आपल्यालाच वाटतं. खरं काय ते घरच्यांना विचारावं! बसल्यावर धास्ती वाढली, झोप उडाली, तर मात्र हट्ट न करता थांबावं आणि जाणत्याकडे, वेळ पडली तर डॉक्टरकडे जावं.

जून १९४७ मध्ये सेवाग्रामला धर्मानंदांनी देह ठेवला. त्यांना नकाशा शोधायलाच कितीतरी वर्षं लागली. आपल्याला तो आयता मिळालाय. सोबतीचा माणूस तेवढा आपण शोधायचा. आणि तोही बहुधा फराळाच्या ताटापलीकडेच बसलेला असेल.

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!