उन्हाची तिरीप आणि जॉन टिंडल

सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात नाचणारी धूळ तुम्ही पाहिली असेल. तिरीप सरकली की कण दिसत नाहीत, पण हवेत असतातच आणि श्वासाबरोबर आत जातात. नेमक्या या तिरिपेचं एका माणसाने तपासणीचं साधन केलं.

जॉन टिंडल 1820 मध्ये आयर्लंडमध्ये जन्मले. आधी जमीन मोजणीचं काम केलं, जर्मनीत शिकले आणि 1853 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. अंधाऱ्या खोलीत प्रखर झोत सोडला की बारीक कण प्रकाश विखुरतात आणि झोत उजळतो. कण नसतील तर झोत दिसतच नाही.

1870 च्या सुमारास त्यांनी या झोतात श्वास सोडून पाहिला. सुरुवातीला फरक दिसला नाही, पण श्वासाच्या शेवटी झोतात काळं भोक पडलं. तिथे धूळ नव्हती, ती छातीत राहिली होती! मग कापसातून श्वास घेतला, तर सोडलेला श्वास पहिल्यापासूनच काळा. रोगजंतूंपासून बचावासाठी नाकातोंडावर कापूस धरा, असं ते तेव्हाच सांगत होते.

पुढे त्यांनी एका पेटीला आतून ग्लिसरीनचा चिकट थर दिला. पेटी काही दिवस बंद ठेवली की धूळ त्यावर बसून अडकायची. झोत आत दिसेनासा झाला की उकळलेला मांसाचा रस नळ्यांमध्ये उघडाच ठेवायचा. तो महिनोन् महिने नासला नाही. जंतू आपोआप जन्मतात हा समज त्यामुळे डळमळला.

पण वाळल्या गवताचा काढा तासन् तास उकळूनही नासू लागला. जंतूंचे बीजाणू उकळीला दाद देत नव्हते. थोडं तापवा, थांबा, बीजाणू रुजून मऊ पडले की पुन्हा तापवा, हा उपाय त्यांनी 1877 मध्ये मांडला. आम्ही त्याला टिंडलायझेशन म्हणून शिकलो. परीक्षेपुरतंच, खरं सांगायचं तर.

टिंडलना निद्रानाश होता. झोपेसाठी क्लोरल, पोटासाठी मॅग्नेशिया. 4 डिसेंबर 1893 च्या सकाळी पत्नी लुईसा यांनी मॅग्नेशिया समजून क्लोरल पाजलं. चूक लगेच कळली, पण त्याच दिवशी ते गेले. लुईसा त्यानंतर 47 वर्षं जगल्या, पतीच्या चरित्रासाठी कागद जमवत. चरित्र छापून आलं 1945 मध्ये, त्याही गेल्यावर.