विनोदी नट चार्ली चॅप्लिन

या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी चार्ली चॅप्लिन यांचे चरित्र लिहीत आहे. ते सिनेमात काम करीत, सिनेमाची गोष्ट लिहीत आणि तो सिनेमा काढणारे दिग्दर्शकही तेच होते. गुरुजींनी दोन शनिवारी आम्हाला त्यांचे सिनेमे दाखवले. त्यात कोणी बोलत नाही, म्हणून भाषा येत नसली तरी सगळं कळतं. आमच्या वर्गातली पोरं अजून मधल्या सुट्टीत त्यांच्यासारखी पाय फाकवून चालतात. पण त्यांचं लहानपण कसं होतं ते पुष्कळांना माहीत नाही, म्हणून मी तेच जास्त लिहिणार आहे. चार्ली लहान आहे तोवर मी त्याला अरे-तुरे करीन, मोठा झाला की अहो-जाहो.

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी झाला. तो लंडन शहरात वाढला. त्याचे आईवडील दोघेही नाटकगृहात गाणी म्हणत. आईचे नाव हॅना. वडील दारू पीत आणि वेगळे राहत. घरात आई, मोठा भाऊ सिडनी आणि चार्ली अशी तिघंच.

आईचा आवाज मधूनमधून बसायचा. चार्ली पाच वर्षांचा असताना ती एका सैनिकांच्या छावणीच्या गावी गायला गेली होती. गाता गाता तिचा आवाज फाटला. सैनिक ओरडू लागले, चिडवू लागले. आई आत निघून आली. तेव्हा मॅनेजरने चार्लीलाच रंगमंचावर उभं केलं. त्याने गाणं सुरू केलं आणि लोकांनी पैसे फेकले. तर हा पठ्ठ्या मध्येच थांबला आणि म्हणाला की आधी मी पैसे गोळा करतो, मग गातो! लोक खो खो हसले. मॅनेजर रुमाल घेऊन पैसे उचलायला आला. चार्लीला वाटलं, हा आपले पैसे घेऊन जातो की काय, म्हणून तो त्याच्या मागं मागं गेला. पैसे आईच्या हातात पडलेले बघूनच तो परत आला. नंतर त्याने आईच्या फाटलेल्या आवाजाचीसुद्धा नक्कल केली. लोक आणखी हसले. मला वाटतं, आईला त्या वेळी कसं वाटलं असेल?

पुढे आईला गाण्याचं काम मिळेना. ती शिवणकाम करू लागली. मशीन हप्त्यावर घेतलं होतं. हप्ते थकले तेव्हा ते उचलून नेलं. मग खायलाच नाही. १८९६ साली तिघेही वर्कहाऊसमध्ये गेले. वर्कहाऊस म्हणजे अगदी गरिबांना ठेवायची जागा. तिथे आई एका भागात आणि मुलं दुसऱ्या भागात. चार्ली तेव्हा सात वर्षांचा होता. नंतर मुलांना लांबच्या शाळेत पाठवलं. तिथे त्याला डोक्यात गजकर्ण झालं, तेव्हा त्याचा गोटा केला.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. ती सिनेमातली नाही. एकदा आईने मुलांना भेटायची युक्ती काढली. तिने वर्कहाऊसमधल्या साहेबांना सांगितलं की आम्ही तिघं इथून जातो. त्यामुळे त्यांना बाहेर सोडावं लागलं. तिघं एका बागेत गेली. सिडनीजवळ नऊ पेन्स म्हणजे थोडीशी नाणी होती. त्यांनी चेरीची काळी फळं घेतली. सिडनीने वर्तमानपत्राचा बोळा करून सुतळी गुंडाळली आणि त्याचा चेंडू केला. दिवसभर ती खेळली. संध्याकाळी चहाच्या वेळेला परत वर्कहाऊसच्या दारात! साहेब लोक फार रागावले, कारण त्यांना सगळे सोपस्कार पुन्हा करावे लागले.

ही गोष्ट मी आजीला दोनदा वाचून दाखवली. आमचे आई-दादा दिवाळी झाली की कारखान्याला ऊस तोडायला जातात आणि आम्ही आजीजवळ राहतो. मागच्या साली आई मध्येच एका लग्नासाठी एक दिवस आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. त्या दिवशी आम्ही काय काय खाल्लं ते मला सगळं आठवतं. चार्लीने म्हातारपणी आपलं चरित्र लिहिलं, त्यात ती चेरीची फळंसुद्धा लिहिली आहेत.

चार्ली बारा वर्षांचा असताना वडील वारले. चौदाव्या वर्षी एक दिवस तो घरी आला तर दारात शेजारची मुलं उभी. ती म्हणाली की तुझ्या आईला वेड लागलंय. आई घरोघर जाऊन लोकांच्या मुलांना भेट म्हणून कोळशाचे तुकडे देत होती. सिडनी तेव्हा बोटीवर नोकरीला होता. चार्ली एकटाच तिला हात धरून चालत दवाखान्यात घेऊन गेला. पोटाला नीट न मिळाल्यामुळे असं झालं, असं डॉक्टर म्हणाले.

आणखी एक गोष्ट राहिली. त्यांच्या गल्लीच्या टोकाला कसाईखाना होता. एकदा एक मेंढरू तिथून सुटलं. लोक त्याच्यामागं धावताना आपटत होते, एकमेकांवर पडत होते. चार्लीला हसू आवरेना. पण ते मेंढरू धरून परत नेलं तेव्हा तो रडत रडत आईकडे पळाला, की आता त्याला मारतील. त्यांच्या सिनेमात हसता हसता रडू येतं, त्याचं मूळ कदाचित इथं असेल, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे.

आता अहो-जाहो. चार्ली नाटकात कामं करू लागले. १९०८ साली ते फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाटक कंपनीत गेले. ती कंपनी अमेरिकेला गेली आणि तिथे सिनेमावाल्यांनी त्यांना पाहिलं. १९१४ सालापासून त्यांचे सिनेमे येऊ लागले. सुरुवातीला आठवड्याला १५० डॉलर मिळत. दोनच वर्षांनी आठवड्याला १०००० डॉलर मिळू लागले!

त्यांचा भटक्याचा वेश सगळ्यांना माहीत आहे. कोट आखूड, विजार ढगळ, टोपी लहान आणि बूट मोठे. बूट दुसऱ्या नटाचे होते, ते गळून पडू नयेत म्हणून डाव्याचा उजव्या पायात आणि उजव्याचा डाव्या पायात घातला होता. मिशी बारीक ठेवली, म्हणजे तोंडावरचे भाव झाकत नाहीत. हातात काठी. कपडे फाटके, पण समोर बाई आली की टोपी काढून नमस्कार! या भटक्याला कोणी हाकललं तरी तो धूळ झटकतो आणि चालू लागतो.

१९२१ साली ‘द किड’ हा सिनेमा आला. आम्ही तो पाहिला. भटक्याला कचऱ्याजवळ एक बाळ सापडतं आणि तो त्याला वाढवतो. मुलगा दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या काचा फोडतो आणि मागून हा काचा बसवायला येतो. इथे सगळा वर्ग ओरडत होता. मग अनाथाश्रमाचे लोक त्या मुलाला गाडीत घालून नेतात. मुलगा हात पसरून रडतो आणि चार्ली छपरांवरून धावत गाडीपर्यंत पोहोचतात. तेव्हा वर्गात कोणीच ओरडलं नाही. त्याच साली चार्लींनी आईला अमेरिकेत आणलं आणि समुद्राजवळ घर घेऊन दिलं. १९२८ साली ती वारली.

१९२५ च्या ‘द गोल्ड रश’ मध्ये भटका बर्फात अडकतो. खायला काही नाही म्हणून तो बूट शिजवतो. बुटाची नाडी शेवयांसारखी गुंडाळून खातो आणि खिळे हाडासारखे चोखतो. खरा बूट नव्हता हो! तो ज्येष्ठमधाचा केला होता. ज्याने उपास काढलेत त्यालाच असलं सुचतं, असं आमची आजी म्हणाली.

दिग्दर्शक म्हणून ते फार कडक होते. मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावत. १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’ मध्ये आंधळी मुलगी फूल विकते, तो छोटासा प्रसंग त्यांनी तीनशेहून जास्त वेळा घेतला. तेव्हा बोलपट सुरू झाले होते, तरी भटका मुकाच ठेवला. त्याच साली लंडनला गोलमेज परिषदेसाठी गेलेल्या गांधीजींना ते भेटले. चार्ली चॅप्लिन कोण हे गांधीजींना आधी माहीतच नव्हतं. दोघं यंत्रांविषयी बोलले. १९३६ साली ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यात कारखान्यात नट पिळून पिळून भटक्याचे हात काम सुटल्यावरही तसेच हलत राहतात. माझे दादा हसले नाहीत. ते म्हणाले, असंच होतं.

हिटलरचा जन्म चार्लींच्या नंतर चारच दिवसांनी झाला होता आणि मिशीही सारखीच. १९४० साली ‘द ग्रेट डिक्टेटर’ मध्ये चार्लींनी त्याची टर उडवली. हिटलर तेव्हा जिवंत होता आणि युद्ध चालू होतं. यात ते पहिल्यांदा पूर्ण सिनेमाभर बोलले. शेवटचं भाषण फार लांब आहे, मला मुकेच जास्त आवडतात.

त्यांची लग्नं चार झाली. त्याबद्दल गुरुजी म्हणाले की भित्तिपत्रकात जागा कमी आहे.

१९५२ साली ते बोटीने इंग्लंडला निघाले होते. अमेरिकेच्या सरकारला त्यांचे विचार पसंत नव्हते. ते बोटीवर असतानाच त्यांची परत येण्याची परवानगी काढून घेतली. चाळीस वर्षांचं बिऱ्हाड तिथं राहिलं. मग ते बायको ऊना आणि मुलांसह स्वित्झर्लंडला राहिले. वीस वर्षांनी, १९७२ साली, अमेरिकेने त्यांना ऑस्कर बक्षीस द्यायला बोलावलं. सगळे लोक उभे राहिले आणि बारा मिनिटं टाळ्या वाजवत होते. चार्ली फार म्हातारे झाले होते, त्यांना नीट बोलताच येईना.

२५ डिसेंबर १९७७ रोजी, नाताळच्या दिवशी ते वारले. वय ८८. पण गोष्ट इथं संपत नाही. पुढच्या मार्च महिन्यात दोन चोरांनी त्यांची शवपेटीच पळवली आणि घरच्यांकडे पैसे मागितले. ऊनाबाईंनी पैसे दिले नाहीत. पोलिसांनी चोर पकडले, तेव्हा पेटी एका मक्याच्या शेतात पुरलेली सापडली. मग ती पुन्हा गावच्या दफनभूमीत ठेवली आणि वर जाड काँक्रीट टाकलं. १९९१ साली ऊनाबाई वारल्या, त्यांनाही तिथेच शेजारी ठेवलं आहे.