डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि खोतांचा मक्ता

घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांना आपण नित्य वंदन करतो; परंतु ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, याचे स्मरण क्वचितच ठेवतो. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या सुभेदारपुत्राने न्यूयॉर्क व लंडन येथे अर्थशास्त्राचे अध्ययन केले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. संपादन केली. ही विद्या त्यांनी कोकणच्या कुळांच्या कामी लावली.

रत्नागिरी जिल्ह्यात आणि कुलाबा व ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांत खोती चालत असे. खोत सरकारचा सारा भरी आणि कुळांकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करी. शिवाय वेठ घेई. नांगर कुळाचा, घाम कुळाचा, धान्य मात्र खोताच्या कणगीत. स्वतः काही न पिकविता केवळ हक्काच्या जोरावर वाटा घ्यावयाचा आणि तो हक्क टिकावा म्हणून सत्तेवर वजन टाकावयाचे, ही ती रीत.

१९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप चालविला. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांना भरपाई द्यावी, पण कसणाऱ्यास जमिनीवर हक्क मिळावा, अशी त्याची न्याय्य रचना होती. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. खोत मोजके, पण संघटित व वजनदार. कुळे असंख्य, पण विखुरलेली. अखेर १९४९ मध्ये खोती कायद्याने संपली.

आम्हांस त्याहून थोर वाटते ती त्यांची स्वकीयांविषयीची निष्ठुर सचोटी. अल्प जमिनीच्या मोबदल्यात अहोरात्र राबविणारे महार वतन काहींना मानाचे वाटे. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच त्याविरुद्ध विधेयक आणले. ते वतन १९५८ च्या कायद्याने गेले. ते पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

त्यांच्या पक्षाचे आमदार शामराव परुळेकर पुढे वेगळ्या विचाराकडे वळले. तथापि त्यांनी व गोदावरीबाईंनी शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांत जागृती केली आणि जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरविले. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरचा सातबारा या लढ्यांचा वारसा सांगतो.

आज आपल्या तालुक्यांत जमिनीचे भाव वाढत आहेत आणि दलालही. खोत गेला, वृत्ती उरली आहे. विद्यार्थ्यांनो, कागदावर अंगठा अथवा सही करण्यापूर्वी तो वाचा, वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा. शिकणे आणि संघटित होणे, याचा गावातील अर्थ हाच आहे.