सुरतेचे सुपुत्र प्रा. त्रिभुवनदास गज्जर



थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष सहसा पुणे, सातारा, नाशिक या बाजूला जाते. ते स्वाभाविक आहे, कारण आपली मुळे तिकडची. परंतु ज्या तापीकाठी आपल्या पिढ्या वाढल्या, त्या सुरतेतही असे एक गृहस्थ होऊन गेले की ज्यांचे ऋण गुजराती माणसाइतकेच मराठी माणसावरही आहे. त्यांचे नाव प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. एका गावाची विद्या दुसऱ्या गावच्या छोट्या कारागिरापर्यंत कशी पोहोचवावी, याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. म्हणून या अंकात त्यांचा परिचय करून देत आहोत.

त्रिभुवनदासांचा जन्म 1863 साली सुरतेत झाला. घराणे सुतारकाम करणाऱ्यांचे. गज्जर हे आडनावच मुळी गजधर या शब्दावरून आले असे मानतात. गजधर म्हणजे हाती गज घेऊन लाकडाचे आणि दगडाचे माप घेणारा. वडील कल्याणदास हे शिल्प व बांधकाम यांचे जाणकार होते. हत्याराला मान देणाऱ्या अशा घरात हा मुलगा वाढला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचा अभ्यास करून ते बी. एस्सी. झाले. त्या काळी असा पदवीधर सरकारी नोकरीत सुखाने राहू शकत असे. गज्जर यांची दृष्टी मात्र आपल्या गावच्या रंगाऱ्यांकडे लागलेली होती.

त्या रंगाऱ्यांवर तेव्हा मोठे संकट आले होते. शेकडो वर्षे आपल्याकडे नीळ, मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची साल यांपासून कापड रंगवीत. कोणत्या कापडाला किती तुरटी, किती हिरडा, किती उकळी, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. ते कोठे लिहिलेले नसे आणि घराबाहेर तर मुळीच जात नसे. इकडे युरोपात 1856 साली पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग तयार केला. 1868 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनविता आले. 1897 मध्ये कारखान्यात बनविलेली नीळही बाजारात आली. हे रंग स्वस्त होते आणि दिसायला झगझगीत होते. आपल्या रंगाऱ्याने ते विकत घेतले, पण ते वापरण्याची विद्या त्याच्याजवळ नव्हती. ती विद्या इंग्रजी आणि जर्मन पुस्तकांत होती. वजन, उष्णता आणि आम्लाचे प्रमाण चुकले की रंग पक्का बसत नाही, एका धुण्यात फिका पडतो. माल परत येतो आणि दोष मात्र कारागिराच्या हाताला दिला जातो.

येथे गज्जर यांचे वेगळेपण दिसते. परदेशी रंगांना नुसती नावे ठेवून रंगाऱ्याचे पोट भरणार नाही, हे त्यांनी ओळखले. ज्या देशात ही विद्या पुढे गेली आहे तेथून ती आणावी, आपल्या पाण्यावर आणि आपल्या कापडावर तिची परीक्षा घ्यावी, आणि मग ती कारागिराला त्याच्याच भाषेत शिकवावी, असा त्यांचा मार्ग होता. त्यांनी रंगकामाविषयी 'रंगरहस्य' नावाचे गुजराती त्रैमासिक काढले. नावात रहस्य असले तरी उद्देश रहस्य उघडे करण्याचाच होता.

पुढे ते बडोद्याच्या कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक झाले आणि त्यांची गाठ महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याशी पडली. योगायोग असा की महाराजांचा जन्मही 1863 सालचाच, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. एक शेतकऱ्याच्या घरातून गादीवर आलेला, दुसरा सुताराच्या घरातून प्राध्यापक झालेला. दोघांनाही हाताच्या कामाची किंमत ठाऊक होती. आपल्या शेजारचे नवसारी, व्यारा, सोनगड हे भाग तेव्हा बडोदे संस्थानातच होते, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. जून 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले.

कलाभवन ही साधी शाळा नव्हती. तेथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या, चित्रकला असे विषय प्रत्यक्ष हाताने काम करून शिकविले जात. रंगशास्त्रासाठी जर्मनीहून तज्ज्ञ बोलाविण्यात आले. शिकविण्याची भाषा मात्र गुजराती ठेवण्यात आली. गुजरातीत पुस्तके नाहीत, ही अडचण पुढे आली, तेव्हा गज्जर यांनी पुस्तकेच तयार करवून घेण्याचे काम हाती घेतले. महाराजांनी त्यासाठी पैसा दिला आणि सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला निघाली. शास्त्रीय शब्दांना देशी शब्द शोधण्याचे कष्टाचे कामही त्यांनी केले. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे विज्ञानाची एखादी संज्ञा आपल्या भाषेत नीट कळली की डोक्यातील केवढा गुंता सुटतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

कलाभवनाचा लाभ एका मराठी तरुणाला कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून बडोद्याला आले. छायाचित्रणातील त्यांची गती पाहून गज्जर यांनी त्यांना कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरू दिली. एवढ्यावर न थांबता, चित्रे छापण्याचे ठसे बनविण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठविले. बडोद्यात जे चांगले मिळत नव्हते ते रतलामला मिळत होते, तर विद्यार्थ्याने तेथे जावे, असा हा सरळ हिशेब होता. आपल्याच संस्थेत सारे काही आहे, असा अभिमान त्यांनी धरला नाही. फाळके यांनी पुढे लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय केला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी 1909 मध्ये जर्मनीचा प्रवासही केला. 1913 साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांसमोर आणला. दादासाहेब फाळके हे नाव आज साऱ्या देशाला माहीत आहे. त्यांच्या वाटेवर सुरतेच्या एका प्राध्यापकाने दिवा धरला होता, हे मात्र थोड्यांना माहीत असते.

गज्जर यांची योजना मोठी होती. प्रत्येक धंद्याला शाळा, प्रत्येक शाळेला देशी भाषेतील पुस्तक आणि शिकलेल्या मुलाला लहानसा कारखाना काढण्याचे बळ, असे त्यांच्या मनात होते. त्यातील थोडाच भाग प्रत्यक्षात उतरला. 1896 च्या सुमारास त्यांनी बडोदे सोडले आणि ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासण्यात आले होते. ते काम चाफेकर बंधूंचे होते, हे पुढे उघड झाले. दगडाला धक्का न लावता ते डांबर काढण्याचे अवघड काम गज्जर यांनी केले आणि त्यांच्या रसायनज्ञानाची सर्वत्र चर्चा झाली. प्लेगच्या साथीत त्यांनी औषधही तयार केले. मोती स्वच्छ करण्याची रीतही त्यांनी शोधून काढली. गिरगावात त्यांनी टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उभारली. तेथे कॉलेजचे विद्यार्थी अभ्यास करीत आणि धंद्याच्या प्रश्नांवर प्रयोगही चालत.

या प्रयोगशाळेच्या परंपरेतूनच 1907 साली बडोद्यात अलेम्बिक हा रसायन व औषधांचा कारखाना उभा राहिला. त्यामागे गज्जर यांचे ज्ञान होते आणि कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन यांचे श्रम होते. ही दोन आडनावे शेजारी शेजारी वाचली की बडोद्याची मराठी-गुजराती भागीदारी डोळ्यांसमोर येते. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली आणि उद्योगाला लागणाऱ्या भांडवलाचीही सोय झाली. 16 जुलै 1920 रोजी प्रा. गज्जर यांचे निधन झाले. कलाभवन पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविज्ञान विभागात सामावले गेले आणि ती वास्तू आजही विद्यार्थ्यांनी गजबजलेली असते.

आता हे चरित्र आपल्या उपयोगाचे कसे, ते पाहू. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील लूमच्या खात्यात, डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, जरीच्या कामात किंवा हिऱ्याच्या कारखान्यात राबतात. सुरतेची जरी येवल्याच्या पैठणीत जाते आणि बनारसच्या शालूतही जाते. म्हणजे माल एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात रोजच जातो. पण त्या मालामागची चांगली रीत जाते का? येवल्याच्या विणकराची अडचण सुरतेच्या जरीवाल्याला कळते का? सुरतेत एखाद्या कारागिराने धागा तुटू नये म्हणून युक्ती काढली, तर ती मालेगाव-भिवंडीच्या लूमवाल्यापर्यंत पोहोचते का? बहुधा नाही. माहिती दिली तर गिऱ्हाईक जाईल ही भीती असते, आणि ती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सुरतेच्या जुन्या रंगाऱ्यांनीही आपली कृती घरातच ठेवली होती आणि तरीही धंदा हातचा जाऊ लागला होता. त्यांना हरविले ते शेजाऱ्याने नव्हे. ज्या देशात प्रयोग लिहून ठेवले जात होते आणि शाळेत शिकविले जात होते, त्या देशाने त्यांना हरविले.

म्हणून शाळेतर्फे आम्ही एक लहानसे काम सुचवीत आहोत. आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या कारागिराचे काम पाहावे आणि त्याची कृती पायरीपायरीने मराठीत वहीत लिहावी. हत्याराचे नाव कारागीर म्हणतो तेच लिहावे. माप विचारून घ्यावे. एखादी गोष्ट कारागिराला सांगायची नसेल तर तिचा आग्रह धरू नये. सुट्टीत गावी गेल्यावर तिकडे तेच काम कसे करतात तेही पाहावे आणि दोन्ही रीतींतील फरक टिपून आणावा. या वह्या विज्ञानाच्या तासाला वाचल्या जातील.

सुताराच्या घरातील एका मुलाने सुरत, मुंबई, बडोदे आणि जर्मनी यांची विद्या एकत्र आणून कारागिराच्या ओट्यावर नेऊन ठेवली. तुमच्या वहीची दोन पाने हे त्याच कामाचे पुढचे पाऊल ठरो, हीच सदिच्छा.