शाळेपुरतं गणित शिकलेली क्लारा

वणीकडच्या कोळसा खाणींत ब्लास्टिंग झालं की जवळपासच्या घरांत फळीवरची भांडी थरथरतात. वरचा मातीदगडाचा थर फोडल्याशिवाय कोळसा हाती लागत नाही. किती दारू भरली तर दगड कसा फुटेल, कुठवर उडेल, हे आता सुरुंग लावण्याआधीच संगणकावर पाहता येतं. मैत्रिणींनो, संगणकाला असली किचकट गणितं करायला लावणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक बाई होती, आणि तिचं गणित शाळेपुरतंच झालेलं होतं!

क्लारा डॅन १९११ साली बुडापेस्टच्या सधन ज्यू घरात जन्मली. चौदाव्या वर्षी बर्फावरच्या स्केटिंगमध्ये हंगेरीची विजेती. दोन लग्नं मोडली. १९३८ मध्ये गणिती जॉन फॉन नॉयमनशी तिसरं लग्न करून ती अमेरिकेत आली. पुढच्याच वर्षी वडिलांनी आत्महत्या केली.

युद्धात जॉन अणुबॉम्बच्या कामात गुंतला. चहूबाजूंनी स्फोट केला की मधला घट्ट धातूसुद्धा पाण्यासारखा वाहतो. हे वाहणं एका सूत्रात सुटत नाही. मग धातूचे बारीक थर कल्पायचे, आणि क्षणाचेही तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कुठला थर किती सरकला ते मोजत जायचं. लॉस अ‍ॅलामॉसला ही आकडेमोड कार्डांच्या यंत्रांवर आणि हातयंत्रांवर चाले. हातयंत्रांवर बसणाऱ्यांत शास्त्रज्ञांच्या बायकाही होत्या.

क्लाराची पाळी युद्धानंतर आली. एनिअ‍ॅक म्हणजे सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूबांचं धूड. गणित बदललं की तारा उपसून पुन्हा जोडा! १९४८ मध्ये क्लारा आणि निक मेट्रोपोलिस महिनाभर त्याच्यामागे खपले, आणि ते यंत्र आत भरलेल्या सूचनांवर चालू लागलं. अणुस्फोटात न्यूट्रॉन कसे पसरतात, याचं गणित त्यावर चाललं. सूचना लिहिल्या होत्या क्लाराने. या कामात ती पार वाळली. गणित बॉम्बसाठीचंच होतं, हे झाकण्यात अर्थ नाही.

पण १९५० मध्ये त्याच यंत्रावर हवामानाचा पहिला अंदाज काढला गेला, तेव्हा हवामानवाल्यांना सूचना लिहायला शिकवलं तेही तिनेच. धातूच्या जागी वारा, मोजायची रीत तीच. निबंधावर नावं तीन पुरुषांची, तिच्या वाट्याला शेवटचे आभार. कपाशीच्या पेरणीआधी अंदाजाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तिचं नाव मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

जॉनसारख्या नवऱ्यापुढे क्लारा स्वतःला कायम कमीच लेखत राहिली. १९५७ मध्ये तो कॅन्सरने गेला. त्याची अपुरी राहिलेली व्याख्यानं पुस्तकरूपाने निघाली, त्याला प्रस्तावना तिची. नंतर चौथं लग्न, कॅलिफोर्नियातलं घर. तिथे तिने आत्मचरित्र लिहायला घेतलं. नाव काय दिलं, तर उंच गवतातला नाकतोडा! १९६३ च्या नोव्हेंबरात ला होयाच्या समुद्रात बुडून ती गेली. आत्मचरित्र अर्धंच राहिलं.