पूजनीय डॉ. जेरोम लेज्यून

१३ जून १९२६ रोजी फ्रान्समध्ये जन्मलेले जेरोम लेज्यून पॅरिसमध्ये मुलांचे डॉक्टर होते. डाऊन सिंड्रोम असलेले मूल झाले की त्या काळी लोक आईवडिलांनाच दोष देत. १९५९ साली लेज्यून, मार्थ गोतिए व रेमों तुर्पँ यांनी दाखवून दिले की, या मुलांच्या पेशींत २१ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते.

लेज्यून यांना उपचार हवा होता. पण पुढे या शोधाच्या आधारे अशी बाळे गर्भातच हेरून गर्भपात होऊ लागले. त्यांनी उघड विरोध केला, मानसन्मान गमावले. मात्र आपल्या रुग्णांना अंतर दिले नाही. ३ एप्रिल १९९४ रोजी, पुनरुत्थान रविवारी, ते प्रभुघरी गेले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पूजनीय घोषित केले.

काम अजून अपुरे आहे. त्या जादा गुणसूत्रावरील एका जनुकामुळे मेंदूत एक प्रथिन साचते आणि या व्यक्तींना प्रौढ वयात लवकर अल्झायमर्स गाठतो. म्हणून शास्त्रज्ञ आज त्यांच्या मेंदूतील जनुकांचे कार्य अभ्यासत आहेत.

आपल्याला संशोधन जमणार नाही. पण अशी व्यक्ती मिस्साला शेजारी बसली, तर तिची प्रेमाने विचारपूस तरी करू या.