जॉन बी. वॉटसन : एक प्रयोग आणि दोन प्रश्न

वर्तनवादाचे प्रवर्तक म्हणून जॉन ब्रॉडस वॉटसन यांचे नाव तुमच्या परिचयाचे आहे. येथे मात्र आपण त्यांच्या चरित्राकडे व्यावसायिक नीतीच्या दृष्टीने पाहणार आहोत. मानसशास्त्रज्ञाने कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात दोनदा उभा राहिला. त्यांच्या काळाने दखल घेतली ती एकाचीच.

वॉटसन यांचा जन्म १८७८ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात झाला. आई अत्यंत धार्मिक. वडील पुढे घर सोडून गेले. शिकागो विद्यापीठातून १९०३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९०८ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९१३ च्या गाजलेल्या लेखानंतर दोनच वर्षांत ते अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले.

१९१९-२० च्या सुमारास त्यांनी रोझाली रेनर या संशोधक विद्यार्थिनीच्या साहाय्याने एका बालकावर प्रयोग केला. शोधनिबंधात त्याचा उल्लेख ‘अल्बर्ट बी.’ असा येतो. त्याची आई बालरुग्णालयात दाई म्हणून काम करीत असे. सुमारे अकरा महिन्यांचे ते मूल पांढऱ्या उंदराला हात लावू लागले, की त्याच्यामागे पोलादी कांबीवर हातोडा मारला जाई. काही दिवसांतच मूल केवळ उंदीर पाहून रडू लागले. पुढे ही भीती ससा, कुत्रा आणि केसाळ कोट यांच्यापर्यंत पसरली. अभिसंधानाचे उदाहरण म्हणून हा प्रयोग तुम्ही अनेक पाठ्यपुस्तकांत वाचाल. तो वाचताना त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिची संमती घेतल्याचा उल्लेख शोधनिबंधात नाही. मूल रुग्णालयातून जाणार हे संशोधकांना आधीच ठाऊक होते, तरी त्याच्या मनातील भीती दूर करण्यात आली नाही. प्रारंभी आपल्याला संकोच वाटला होता, असे त्यांनी नमूद केले आहे. पण अशा भीती घरीही निर्माण होतातच, असे समाधान त्यांनी करून घेतले. जाणूनबुजून मूल घाबरवणे आणि मूल आपसूक घाबरणे यांतील भेद या युक्तिवादात पुसला जातो, हे ध्यानात घ्या.

१९२० मध्ये वॉटसन यांना विद्यापीठ सोडावे लागले. कारण होते रेनर यांच्याशी असलेले त्यांचे संबंध आणि घटस्फोटाचा गाजावाजा. अल्बर्टविषयी त्यांना जाब विचारला गेला नाही. पुढे दोघांनी विवाह केला आणि वॉटसन जाहिरात व्यवसायात शिरले. मुलांना कुरवाळू नये, असा सल्ला देणारे त्यांचे १९२८ चे पुस्तक खूप खपले. तो सल्ला पुराव्यापेक्षा आत्मविश्वासावरच अधिक उभा होता. त्याआधी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या मुलाची सशाविषयीची भीती पद्धतशीरपणे घालवून दाखवली होती. त्या कामात सल्ला वॉटसन यांचाच होता.

अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची पहिली नीतिसंहिता १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. निकोलस हॉब्स यांच्या समितीने सदस्यांकडून त्यांच्या कामातील प्रत्यक्ष पेचप्रसंग मागवले आणि त्यांतून नियम तयार केले. बालकाच्या पालकांची माहितीपूर्ण संमती, प्रयोगातून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आणि झालेली हानी दूर करण्याची जबाबदारी हे आज गृहीत धरले जाते.

त्याच संघटनेने १९५७ मध्ये वॉटसन यांचा गौरव केला. ते स्वतः समारंभात गेले नाहीत; मुलाला पाठवले. अखेरच्या काळात त्यांनी आपली अप्रकाशित कागदपत्रे जाळून टाकली आणि १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. अल्बर्ट नेमका कोण होता, यावर अभ्यासकांचे अजूनही एकमत नाही.